गोलाईचे सोळा रस्ते : एका पेठेच्या भवितव्याची आखणी

पेठ ही आपोआप वसते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. दोन रस्ते एकमेकांस मिळाले, तेथे एखादे देऊळ अथवा दर्गा असला, आठवड्याचा बाजार भरू लागला, की कालांतराने तेथे गाव वाढते आणि गावाचे शहर होते. हा समज अगदीच चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी मुलखाचा इतिहास पाहिला, तर कोणीतरी कागदावर रेषा ओढून, कायद्याचा मसुदा लिहून, रेल्वेचा फाटा कोठून न्यावा याचा विचार करून पेठांचे भवितव्य ठरविल्याचे वारंवार आढळते. त्या आखणीत काय आले आणि काय राहून गेले, याचा हिशेब मात्र पुढच्या पिढ्यांना चुकवावा लागला. या लेखात प्रामुख्याने लातूरच्या पेठेच्या निमित्ताने हा हिशेब मांडावयाचा आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या अंकात लातूर कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. त्याचे उत्तर असे, की त्या पेठेच्या घडणीचे बरेचसे धागे हैदराबादेतूनच निघालेले आहेत.

त्यांतील पहिला धागा आपल्या अगदी जवळचा आहे. नारायणगुड्याहून काचीगुड्याच्या बाजूने अथवा काकतीय हॉटेलांच्या गल्ल्यांतून कसेही निघाले, तरी थोड्याच वेळात माणूस सुलतान बाजारात पोहोचतो. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई आणि १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत येईपर्यंत तेथे ब्रिटिश रेसिडेंटाचा अंमल चाले. शेजारच्या कोठीतून, म्हणजे रेसिडेन्सीच्या त्या खांबांच्या भव्य वास्तूतून, केवळ या बाजाराचाच नव्हे तर सबंध वऱ्हाडचा कारभार पाहिला जात असे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले आणि पुढे १९०३ पर्यंत तो प्रांत ‘हैदराबादचे सुपूर्द जिल्हे’ या नावाने रेसिडेंटाच्या देखरेखीखाली राहिला. याच काळात, १८८६ साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांची परंपरा येथून मोजतात.

कारंजा हे काही नवे गाव नव्हते. लाड कारंजे म्हणून त्याची ख्याती जुनी. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना आणि तेथील मंदिरांमुळे जैनांना ते पूज्य. अशा जुन्या व्यापारी गावात सरकारने कायद्याचे बोट घातले ते मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ आणि वाजवी भावाचा कापूस मिळावा म्हणून. हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार बाजार समित्या नेमल्या गेल्या, तोलार व दलाल यांना परवाने लागू झाले. परंतु समितीवर कापूस पिकविणाऱ्यास जागा नव्हती आणि बाजाराचे उत्पन्न नगरपालिकेच्या तिजोरीत जाई. १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या पद्धतीची वाखाणणी करून ती इतर प्रांतांनी उचलावी असे सुचविले खरे, पण हे उणेपणही त्याच्या दृष्टीतून सुटले नाही. तात्पर्य, पेठेची आखणी करताना कोणाला पाटावर बसवावयाचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आता लातूरकडे वळू. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अभ्यासक मानतात. एवढे प्राचीन नाव धारण करणारे हे गाव एकोणिसाव्या शतकात मात्र बार्शीच्या सावलीत होते. बार्शी इंग्रजी हद्दीत आणि लातूर मोगलाईत. बालाघाटावरचा कापूस, गळिताचे धान्य आणि कडधान्य बैलगाड्यांतून घाट उतरून बार्शीस जाई व तेथून मुंबईच्या वाटेस लागे. हद्द ओलांडताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. नाणेही निराळे : मोगलाईत हाली, पलीकडे कलदार, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. वजनेही निराळी; हैदराबादी पल्ला एकशेवीस शेरांचा. माल पिकविणाऱ्याच्या हातून निघून गिरणीपर्यंत पोहोचेतो या प्रत्येक वळणावर त्याच्या किमतीतून काही ना काही गळत असे.

हे चित्र पालटले ते रेल्वेने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कल्पनेतून बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी मापाची लहान गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली. १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत पोहोचली आणि १९११ साली लातुरास. घाट उतरणाऱ्या गाड्यांची रांग आता लातूरच्या स्टेशनाकडे वळली. ज्या गावातून माल केवळ जात होता, त्या गावात तो थांबू लागला, विकला जाऊ लागला. अडत दुकाने निघाली, वखारी उभ्या राहिल्या.

वाढत्या व्यापाराला जागा हवी होती आणि ती जागा कशी असावी याचा विचार झाला, ही लातूरच्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट होय. त्या काळी हैदराबादेत नगररचनेचे वारे वाहत होते. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या प्रलयाने राजधानीचे डोळे उघडले. विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९३५ साली मोअज्जमजाही मार्केट उभे राहिले. रस्ता, नळ, गटार आणि बाजार यांचा एकत्र विचार करण्याची ही दृष्टी जिल्ह्यांच्या गावांपर्यंतही झिरपली. लातूरच्या गंजगोलाईचा आरंभ १९१७ सालचा सांगितला जातो आणि तिच्या आराखड्याशी हैदराबादचे नगररचनाकार फय्याजुद्दीन यांचे नाव जोडले जाते. मध्यभागी गोलाकार दुमजली इमारत, तिच्या पोटात जगदंबेचे मंदिर आणि चहूंकडे चाकाच्या आऱ्यांसारखे फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनेचांदी, दुसऱ्यावर पादत्राणे, तिसऱ्यावर मिरची, कोठे गूळ, कोठे कापड : प्रत्येक धंद्याला आपला रस्ता आणि सर्व रस्त्यांना एकच केंद्र. खेड्यातून आलेला माणूस कोणत्याही वेशीतून शिरला तरी चुकत नाही, आणि गाडी वळवावयास जागा लागते म्हणून कोणाचे दुकान मोडावे लागत नाही. बैलगाडीच्या काळात केलेली ही रचना व्यवहाराच्या बारीक निरीक्षणाची साक्ष देते.

इमारतीनंतर कायदा आला. १३३९ फसली, म्हणजे १९३० साली, हैदराबाद संस्थानाने शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. तत्पूर्वीच्या सौद्याची रीत वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकली असेल : उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरावयाचा, मालाचा धनी शेजारी उभा असून त्याला आकडा कळावयाचा नाही, मग अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी कापणी एकामागून एक व्हावयाची. उघड लिलाव, प्रमाणित वजने आणि ठरावीक खर्च हा नियंत्रणाचा गाभा. ही सुधारणा एका दिवसात अमलात आली नाही. परंतु आपल्या मालाचा भाव आपल्यादेखत ठरला पाहिजे, हा शेतकऱ्याचा हक्क तिने कागदावर तरी मान्य केला. हमालाचा विचार व्हावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तो १९६९ साली.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि करोडगिरीची नाकी व हालीचा व्यवहार यथाकाल इतिहासजमा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. लातूरच्या व्यापाऱ्याचे आणि वकिलाचे सरकारदरबारचे काम जे हैदराबादेस होते, ते मुंबईस गेले; आपण हैदराबादकर मराठी मंडळी येथे राहिलो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार अधिनियमाने बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिले. कारंज्यास जे राहून गेले होते, ते निदान नियमापुरते येथे भरून निघाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने त्या जिल्ह्यातील खेडी उद्ध्वस्त केली, सहस्रावधी माणसे गेली. शहर सावरले, तूर व डाळ गिरण्या, पुढे सोयाबीन, आणि ‘लातूर पॅटर्न’ म्हणून नावाजलेले शिक्षण यांच्या बळावर ते मराठवाड्यातील अग्रगण्य पेठ ठरले. २००७-०८ मध्ये लहान गाडीची रुंद मापात रूपांतराची कामेही पुरी झाली.

रस्त्याची आखणी झाली, तराजूची झाली, रुळांची झाली. पाण्याची झाली नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या या पठारावर कोरडवाहू कडधान्य आणि गळिताची पिके हा पेठेचा मूळ आधार होता. सहकारी साखर कारखान्यांबरोबर ऊस पसरला. उसाने अनेक घरांत पैसा आणला, हे नाकारता येणार नाही. उसाला हमीचा भाव आणि हमीचे गिऱ्हाईक होते, तुरीला नव्हते, म्हणून शेतकऱ्याने केलेली निवड त्याच्यापरीने शहाणपणाचीच होती. परंतु मांजरेच्या धरणातील पाणी आणि भूगर्भातील पाणी यांवर शेती, कारखाने आणि २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर गेलेले शहर या सर्वांचा भार एकदम पडला. लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१६ साली धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. त्याच आठवड्यात, १४ एप्रिल रोजी, दिल्लीत राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक कृषी बाजाराचे उद्घाटन झाले. देशभरचा भाव पडद्यावर दिसण्याची सोय होत असताना देशातील एका मोठ्या डाळीच्या पेठेत पिण्याचे पाणी रुळांवरून येत होते. ज्या लोहमार्गाने १९११ साली पेठेतून माल बाहेर नेण्यास आरंभ केला, त्याच मार्गाने तिला पाणी पोहोचविण्याची वेळ आली.

या घटनेकडे हैदराबादकरांनी परक्याच्या संकटासारखे पाहू नये. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. लातूर आणि बीदरच्या प्रदेशातून ती तेलंगणात येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. तिच्यावरच १९३१ साली निजामसागर पूर्ण झाला. तिच्याच पाण्यावर १९६५ पासून हैदराबादची तहान भागविली गेली आणि पुढे सिंगूरच्या धरणाने त्यात भर घातली. राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये बदलल्या, नदीने आपला मार्ग बदलला नाही. वरच्या पेठेने पाण्याचा हिशेब चुकविला तर खालच्या राजधानीला त्याची झळ लागते, आणि खालच्या शहराची मागणी वाढली की वरच्या गावांवर दडपण येते.

लातुरात आता रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ साली त्याची पायाभरणी झाली आणि २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा उद्योगांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जुन्या पेठेचे भवितव्य एका मोठ्या कारखान्याने ठरत नसते. ते ठरते भोवतालच्या दीडदोनशे खेड्यांनी काय पिकवावे, त्याला किती पाणी लागावे, तो माल कोठे दळला-भरडला जावा, आणि त्या व्यवहारात पिकविणारा, तोलणारा व उचलणारा यांच्या पदरात काय पडावे, या प्रश्नांनी. डाळीची गिरणी थोड्या पाण्यात चालते आणि तुरीला उसाच्या मानाने फार कमी पाणी पुरते. तुरीच्या शेतकऱ्याला उसाइतकी भावाची शाश्वती देणे ही जुन्या पेठेच्या नव्या आखणीची पहिली ओळ असावी, असे इतिहास पाहता वाटते. गोलाई आखणाराने गाडी कोठे वळेल याचा विचार केला. आज पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचा तसाच विचार व्हावयास हवा.

या कामी आपल्यासारख्या संस्थांना काही करता येण्याजोगे आहे. निजामी राजवटीचे दप्तर तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. १८८४ नंतर संस्थानचा कारभार फार्सीऐवजी उर्दूत चालला. त्यामुळे मराठवाड्याच्या पेठा, पाटबंधारे, जकाती आणि बाजार यांविषयीचे कितीतरी कागद उर्दूत आहेत आणि त्यांचे आजचे वाचक मराठी आहेत. या दोन भाषा एकाच घरात ऐकलेली माणसे हैदराबादेत, आपल्या सभासदांत, अद्याप आहेत. पुढील पिढीत ती किती असतील, हे सांगण्याची गरज नाही. केशवराव कोरटकरांसारख्या हिंगोलीकडच्या मुलखातून येऊन येथे विद्येचा ध्यास धरणाऱ्या माणसांच्या स्मृती नारायणगुड्यात केशव मेमोरियलच्या रूपाने नांदत आहेत. त्यांच्या मुलखाचे कागद त्यांच्या भाषेत आणून देणे हे ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचे एक काम ठरावे. लातूर, जालना, परभणी, नांदेड येथील नगररचना करणाऱ्यांपुढे आपल्याच पेठेची जुनी आखणी ठेवली गेली, तर पूर्वी काय साधले आणि काय राहून गेले हे त्यांना स्वतःच वाचता येईल.