वरळीचा मनोरा आणि घरचा संगणक

दिवाळीचा फराळ आटोपला की मंडळी पडद्यासमोर बसतात. त्या पडद्यावर काय दिसावे हे कोणी ठरवायचे, यालाही एक इतिहास आहे. आणि तो फार जुना नाही.

दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. आपले पु. ल. देशपांडेही आरंभीच्या काळात तिथे होते. मुंबई केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ला उघडले. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच, म्हणून आम्हा गासकरांच्या छपरांवरचे अँटेने दक्षिणेकडे तोंड करून उभे असत. अँटेन्यावर कावळा बसला की निवेदिकेच्या चेहऱ्याला मुंग्या येत! एकाच केंद्राच्या वेळेत मराठी, हिंदी, गुजराती अशी वाटणी होती. आमच्या घरातली कादोडी त्या पडद्यावर मी कधी ऐकली नाही. १९९१नंतर केबलने वाहिन्यांची जत्रा भरवली, तरी तिला पाल काही मिळाले नाही.

मग संगणक आला. त्यात ट्यूनर कार्ड बसवले की केबलची तार थेट त्यातच लागे. कार्ड चित्राचे आकडे करून तबकडीवर साठवी. मायक्रोसॉफ्टने २००२मध्ये 'मीडिया सेंटर' नावाची खास आवृत्ती काढली. दूर खुर्चीत बसून रिमोटने चालवावी, मालिका आपल्या सवडीने पाहावी, असा तिचा थाट. पुढे मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२नंतर केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि पाठोपाठ इतरत्रही. कुलूपबंद संकेत साध्या कार्डाला वाचता येईना. २०१५मध्ये विंडोज १०बरोबर मायक्रोसॉफ्टनेही मीडिया सेंटरला निरोप दिला.

पण कार्डाच्या पाठीला पिवळे, तांबडे, पांढरे अशा तीन तारांची एक वाट होती. माझ्या मते तिचेच मोल मोठे. त्या वाटेने व्हीसीआर जोडला, आणि कपाटातली लग्नाची टेप संगणकात उतरू लागली. इथे घाई चालत नाही. तीन तासांचे लग्न उतरायला तीन तासच लागतात. नवरी जितक्या सावकाश चालली तितक्याच सावकाश आपणही बसायचे. १९९३च्या त्या मांडवात लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या कादोडी गाणी म्हणताहेत. त्यांतल्या बहुतेक आज नाहीत. टेपेवरचा चुंबकी थर झडत जातो. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही अखेरची जपानी कंपनी. तिनेही जुलै २०१६मध्ये हे काम थांबवले.

आता एका एचडीएमआय तारेने संगणक टीव्हीला जोडला आहे. चित्र दाखवते व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एकोल सांत्रालमधील विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये वसतिगृहाच्या जाळ्यावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी आरंभलेल्या खटपटीतून ते निघाले, आणि २००१मध्ये साऱ्या जगाला खुले झाले. त्या पोरांना गास ठाऊक असण्याचे कारण नव्हते!

गेल्या वर्षी पाहुण्यांच्या मुलांसमोर ते लग्न लावले. थोरल्या आत्याने पडद्याबरोबर गायला सुरुवात केली, आणि टेपेवर न आलेले एक कडवेही म्हटले. धाकट्या पुतणीने ते फोनवर टिपून त्याच फोल्डरात ठेवले.

बुरशी धरलेल्या दोन टेपा अजून बाकी आहेत. त्या साफ करून देणारा कारागीर वसईत मी शोधतो आहे.