कागद वाचणारा हवा

औषधाच्या परवानगीसाठी नियामकांकडे जे दस्तऐवज सादर होतात, ते लिहिणे हा माझा व्यवसाय. काम घरी बसून चालते. रुग्ण, रुग्णालय, कारखाना यांतले काहीच दिसत नाही; संगणकावर येतात ते तक्ते आणि रुग्णांचे क्रमांक. इतक्या दुरून लिहिलेल्या कागदाने कोणाचा जीव वाचतो का? या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधू लागलो.

१९३७ साली अमेरिकेत मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकायला काढले. चव, रंग, वास पाहिला; विषारीपणा तपासला नाही, कारण तसे कायदेशीर बंधनच नव्हते. शंभरावर माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. सरकारने बाटल्या जप्त केल्या, त्या मात्र औषध घातक म्हणून नव्हे. लेबलवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते आणि एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असायला हवे; यात ते नव्हते. कायद्याला आधार मिळाला तो एका चुकीच्या शब्दाचा! १९३८च्या कायद्याने विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा देणे सक्तीचे केले.

पण त्या कायद्यातही एक फट होती. ६० दिवसांत हरकत आली नाही, तर अर्ज आपोआप मंजूर होई. सप्टेंबर १९६०मध्ये थॅलिडोमाइडचा अर्ज फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला. शिकागो विद्यापीठात शिकत असताना १९३७च्या त्या विषावरील संशोधनात त्या सहभागी होत्या. मुदत संपत आली की पुरावा अपुरा असल्याचे त्या कंपनीला कळवत. पुढे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधले एक पत्र त्यांच्या वाचनात आले. हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांतील मज्जातंतूंना इजा होत असल्याचे त्यात म्हटले होते. मग गर्भावर काय परिणाम होईल, असे त्यांनी विचारले. नोव्हेंबर १९६१मध्ये जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोवर अनेक देशांत हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेत चाचणीसाठी वाटलेल्या गोळ्यांनी काही बालके बाधित झाली, पण औषध बाजारात आले नाही. केल्सी यांच्यासमोरही रुग्ण नव्हता, होते फक्त कागद.

कागद असूनही काय घडू शकते, हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात मिसळले होते तेच डायएथिलीन ग्लायकॉल. औषधांचा कायदा होता, परवाने होते, तपासणी यंत्रणाही होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत या साखळीचा दुवा न् दुवा किती कच्चा होता, ते उघड झाले.

१९९५पासून चाचणी अहवालासाठी आंतरराष्ट्रीय आराखडा आहे. चाचणीतील प्रत्येक मृत्यूची हकिगत त्यात लिहावी लागते : वय, मात्रा, तारखा, घडलेला क्रम. नाव नसते. ‘औषधाशी संबंध नाही’ हे तीन शब्द लिहिण्यापूर्वी मी तारखा पुन्हा जुळवून पाहतो. पलीकडे वाचणारी व्यक्ती केल्सींसारखी असेल, तर तिला प्रश्न विचारता येईल इतके उघड लिहायचे. आणि ती तशी नसेल, तर त्याहूनही उघड.