एम्प्लॉयमेंट कार्डाची कुळकथा

यवतमाळकडे पोरगं बारावी झालं की शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असायचा : ‘आधी एम्प्लॉयमेंटला नाव टाकून ठेव.’ पुढे शिकायचं की बापासंगं पऱ्हाटीत उतरायचं, ते मागाहून.

नाव टाकलं की मिळणारं हे कार्ड मुळात बारावीवाल्यांसाठी नव्हतंच, ते फौजेतल्या शिपायासाठी निघालं. दुसरं महायुद्ध संपत आलं आणि लाखो जवान घरी परतणार हे दिसू लागलं. बंदूक चालवायला शिकलेला माणूस गावात रिकामा बसलेला कुठल्याच सरकारला परवडत नाही. म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झालं आणि त्याच्या हाताखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस आली. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. १९४८ मध्ये ही कचेरी सगळ्यांनाच खुली झाली.

१९५० मध्ये केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना आणली. सुरुवातीच्या पन्नासेक संस्थांपासून आजच्या आयटीआयचं जाळं विणलं गेलं. कार्ड आणि आयटीआय यांना मी सख्खी भावंडंच समजतो, फक्त एक नाव लिहून घेतं आणि दुसरं हात तयार करतं. फिटरच्या पोराला लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानस मारायला लावतात. मग गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की निदेशक मान हलवतात आणि पोरगं पुन्हा व्हाइसपाशी. तळहाताला फोड आल्याशिवाय काटकोन जमत नाही.

शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून या कचेऱ्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. योगायोग असा की त्याच दिवशी यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे कचेरी राज्याच्या हाती आली, तेव्हा यवतमाळचं राज्यच नवं होतं!

कार्डावर नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचा सांकेतिक आकडा आणि नूतनीकरणाची तारीख. ती चुकली की ज्येष्ठता गेली. उमरखेडहून यवतमाळ शंभराहून जास्त किलोमीटर, पण त्या एका शिक्क्यासाठी एसटीने यायचं. पारावर विचारणा व्हायची, ‘कॉल आला का बे?’

मुलाखतीचा कॉल यायचा, नोकरी येईलच असं नव्हतं. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं केलं. माणूस मात्र तिथूनच घ्या, अशी सक्ती केली नाही. हे कलम कायद्यात स्पष्ट छापलेलं होतं, पण रांगेत उभ्या असलेल्याला ते कोण वाचून दाखवणार? सरकारी भरतीत तरी कॉलला वजन होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्स्चेंजच्या यादीवरच थांबू नका, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. तिथून कार्डाची पत घसरली. माझ्या मते निकाल रास्तच होता. ज्याचं नाव नोंदलेलं नाही त्यानं काय घोडं मारलं होतं?

आता कचेरीचं नाव लांबलचक झालंय : जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर, मोबाइलवरूनच होते. आयटीआय झालेलं पोरगं वणीच्या कोळसा खाणीत नाहीतर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत अप्रेंटिसशिप शोधतं. तिथे निदान महिन्याला विद्यावेतन मिळतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातही मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्ती मालकावर नाहीच.