चरकोक्त ‘मद्यनित्या’ आणि सूतिकागारांतील स्त्रिया

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीस मद्य वर्ज्य सांगितलें आहे, हें वैद्यकाच्या जुन्या पोथ्या चाळणाऱ्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु हा निषेध घरांत पाळवून घेण्याचें काम कोणाचें, आणि त्याच प्रकरणांतील डोहाळ्यांच्या सवलतीशीं त्याचा मेळ कसा बसवावयाचा, हे दोन प्रश्न मागें राहतात. त्यांचा विचार येथें कर्तव्य आहे. पाठ यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेल्या व निर्णयसागर छापखान्यानें १९४१ सालीं काढलेल्या, चक्रपाणिटीकेसहित आवृत्तीचा घेतला आहे.

शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायांत गर्भास घातक अशा गोष्टींची यादी येते. अति तीक्ष्ण व उष्ण पदार्थ, दारुण श्रम, वाहनारोहण यांच्या पंक्तींत मद आणणारीं मद्यें बसविलीं आहेत. यादीच्या शेवटीं एक लहानसें वाक्य आहे, त्याकडे वाचकांनीं अवश्य पाहावें. याखेरीज स्त्रिया जें कांहीं वर्ज्य म्हणून जाणत असतील तेंही टाळावें, अशा अर्थाचें तें आहे. शास्त्रकार आपली यादी अपुरी ठेवतो व ती पुरी करण्याचा अधिकार बायकांस देतो. आमच्या मतें सुईणींच्या ज्ञानास या संहितेंत मिळालेली ही सर्वांत स्पष्ट मान्यता होय.

पुढें आठव्या अध्यायांत मातेच्या कोणत्या संवयीचा अपत्यावर कोणता परिणाम होतो तें सांगितलें आहे. तेथें ‘मद्यनित्या’ स्त्रीचें अपत्य सदा तहानेलें, अल्पस्मृति व अस्थिर चित्ताचें होतें असें म्हटलें आहे. हें वाचून आमचे कांहीं उत्साही मित्र प्राचीनांस सर्व कांहीं अवगत होतें असा डंका पिटूं लागतात. त्यांनीं शेजारचीं वाक्येंही वाचावीं. भांडखोर स्त्रीस अपस्मारी मूल होतें, नित्य खारट खाणारीचें मूल लवकर पिकतें, असेंही तेथेंच आहे. या वाक्यांच्या संगतींतून एकच वाक्य उचलून त्यास आधुनिक शोधाचें बिरुद लावणें प्रामाणिकपणाचें नव्हे. इतकें मात्र खरें कीं, या एका बाबतींत निरीक्षण अचूक निघालें. लिव्हरपूलच्या तुरुंगांतील वैद्य सलिव्हन यानें १८९९ सालीं मद्यपी मातांच्या अपत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत, तुरुंगांत दारू न मिळाल्यामुळें गर्भावस्था निर्व्यसन गेलेल्या मातांचीं मुलें अधिक सुदृढ असल्याचें त्यास आढळलें. १९६८ त फ्रान्सांतील नांत येथें लमुआन यानें व १९७३ त सिएटल येथें जोन्स आणि स्मिथ यांनीं अशा मुलांच्या चेहऱ्याचीं, वाढीचीं व बुद्धीचीं लक्षणें वर्णिलीं. गर्भिणीस निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण ठरलेलें नाहीं, हा आजचा निर्णय आहे.

आतां अडचणीची जागा. चौथ्या अध्यायांतील यादीस लागूनच असें विधान येतें कीं, गर्भिणीची इच्छा फारच तीव्र असल्यास अहितकर वस्तूही हितकर वस्तूंत मिसळून द्यावी. कारण इच्छा कोंडल्यानें वायु कोपून गर्भाचा नाश वा विरूपता होते. या सवलतींतून मद्य शब्दतः वगळलेलें नाहीं. तें वगळलें आहे असें ओढूनताणून सिद्ध करणें आम्हांस पसंत नाहीं. सवलत आहे, पण ती वायुकोपाच्या कल्पनेवर उभी आहे, व ती कल्पना आज आधार म्हणून चालत नाहीं. म्हणून ‘डोहाळाच आहे, घोटभर देऊं’ असें म्हणणाऱ्या सासूनें चरकाची साक्ष काढूं नये.

निषेध पाळविण्याचा भार मात्र वैद्यावर नसून परिचारिका स्त्रियांवर आहे. चरकानें सूतिकागारांत अनेकदां प्रसूत झालेल्या, स्नेहाळ व कुशल स्त्रिया असाव्या असें म्हटलें. सुश्रुतानें चार, प्रौढ वयाच्या, नखें कापलेल्या सांगितल्या. गर्भिणीशीं कसें वागावें यास चरकानें दिलेला दृष्टांत मोठा मार्मिक आहे. कांठोकांठ तेलानें भरलेलें पात्र न हिंदकळतां न्यावें, तसें तिला सांभाळावें. ज्या स्त्रीस दारूवरून चारचौघांत बोल लागतो ती दुसऱ्या खेपेस खरें सांगत नाहीं, हें कोणतीही सुईण सांगेल.

याच सूतिकागारांत मद्यही सिद्ध ठेवावयाचें आहे, व मृतगर्भ काढल्यावर सुरा पाजावयाची आहे. तेव्हां निषेध सोंवळ्याओंवळ्याचा नसून काळाचा आहे. पुढें बाळंतिणीस ब्रँडी द्यावी ही समजूत रूढ झाली, आणि बाळंतिणीचें तें गर्भिणीसही चालेल असा घोटाळा त्यांतून सहज होतो. दशमूलारिष्टादि आसवारिष्टांत आंबण्यानें मद्यांश उत्पन्न होतो, हें पुष्कळांच्या लक्षांतही येत नाहीं.

आम्ही राहतों त्या दादर-माहीम भागांत पूर्वीं माडांच्या दाट वाड्या होत्या व भंडारी लोक माड छेदीत. येथें चरकाच्या ‘मदकर’ या विशेषणाचा उपयोग दिसतो. झाडावरून उतरलेली ताजी नीरा मदकर नव्हे. कांहीं तासांत आंबून तीच माडी होते. परंतु माडी थंड, ती कांहीं दारू नव्हे, असें मानणारे लोक आहेत. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी जाहीर झाली; ही समजूत कायद्याच्या आवाक्यांतली नव्हती. सुईणीनें ‘दारू घेतां काय?’ असें विचारल्यास उत्तर ‘नाहीं’ असेंच यावयाचें. ताडी, माडी, बियर, काढा अशीं एकेक नांवें घेऊन, आणि प्रत्येक गर्भिणीस सारख्याच रीतीनें विचारलें पाहिजे, म्हणजे कोणीही वेगळी पडत नाहीं.

शेजारच्या परळांत श्रम हेंही कारण होतें. गिरणींतील बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स बाईंनीं १९२२ च्या अहवालांत त्यांच्या तान्ह्या मुलांस अफू चारण्याचा प्रघात नोंदविला. अफू व दारू निराळ्या खऱ्या. पण थकल्या जीवाची सोय म्हणून दोन्ही घरांत येतात. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं प्रसूति-लाभाचा कायदा झाला, त्याचें महत्त्व या दृष्टीनेंही आहे. आज वस्तींत जाणारी परिचारिका वा आशा सेविका नवऱ्यासही बरोबर बसवून बोलली, त्यानें घरांत बाटली आणणें थांबविलें, तर स्त्रीचें अर्धें काम हलकें होतें. नित्य पिणारीस मात्र एकाएकीं सोडावयास लावूं नये. कंप व झटके येण्याचें भय असतें, म्हणून तिला प्रसूतिगृहांतील डॉक्टरांच्या हवालीं करावें.

पोथ्या जमविणाऱ्यांस एक विनंति. घरगुती औषधांच्या मोडी बाडांत आसवांचे पाठ येतात. ते उतरवितांना पाठ गर्भिणीचा कीं बाळंतिणीचा हें मथळ्यावरून, शेजारच्या कलमांवरून ताडून नोंदींत लिहावें. आणि समासांत एखाद्या बाईच्या सांगण्यावरून कांहीं टीप घातलेली असल्यास ती क्षुल्लक म्हणून गाळूं नये.