शुद्ध इंग्रजीचे पहारेकरी

इंग्लंडातील मोठ्या दुकानांत थोडेसे सामान घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी पैसे देण्याची एक निराळी रांग असते. तिच्यावर ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ अशी पाटी लावण्याचा प्रघात होता. दिसायला अगदी निरुपद्रवी. परंतु भाषाभिमान्यांचा तिच्यावर भारी रोष. मोजता येते त्याला ‘फ्यूअर’ म्हणावे, मोजता येत नाही त्याला ‘लेस’. तेव्हा ही पाटी म्हणजे घोडचूक, असा त्यांचा आक्षेप! अखेर २००८ साली एका मोठ्या दुकानदार कंपनीने ‘अप टु टेन आयटेम्स’ असे लिहून ह्या वादातून आपली सुटका करून घेतली. हा नियम आपणही इंग्रजीच्या तासाला घोकलेला आहे. मात्र तो केला कोणी, हे आपण कधी विचारले नाही.

नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या लिखाणात शब्दांच्या संख्येविषयी बोलताना ‘लेस’च येतो. पुढे शेकडो वर्षे तो तसाच चालला, आणि कोणाचे काही अडले नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने इंग्रजी भाषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला हा मनुष्य. संख्येच्या संदर्भात ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसतो, असे त्याने त्यात म्हटले, आणि तेही आपले स्वतःचे मत म्हणून. पुढच्या पिढ्यांनी त्या आवडीचा कायदा करून टाकला.

अशी पुस्तके त्याच शतकात का निघावीत? व्यापाराने नवा श्रीमंत वर्ग उदयाला आला होता. त्याच्या गाठीला पैसा होता, परंतु थोरामोठ्यांच्या बैठकीत आपण हास्यास्पद ठरू ही धास्तीही होती. त्या धास्तीने व्याकरणाला गिऱ्हाईक मिळवून दिले. दुसरीकडे, भाषा बिघडत चालली अशी विद्वानांची ओरड होती. जोनाथन स्विफ्टने १७१० साली शब्दांची शेपटे तोडण्याच्या खोडीवर कोरडे ओढले. ‘मोबिले वल्गुस’ ह्या लॅटिन शब्दांचे तुकडे करून बनवलेला ‘मॉब’ त्याला मुळीच सहन होत नसे. १७१२ साली त्याने अर्ल ऑफ ऑक्सफर्ड ह्या मंत्र्यापुढे योजना मांडली, की विद्वानांचे मंडळ नेमून भाषा कायमची स्थिर करावी. फ्रान्समध्ये १६३५ पासून असे मंडळ होते. परंतु १७१४ साली अ‍ॅन राणी वारली, स्विफ्टचा पक्ष सत्तेवरून गेला, आणि ती योजना कागदावरच राहिली. ‘मॉब’ मात्र जिवंत आहे!

जे मंडळाने व्हायचे ते एकट्या सॅम्युएल जॉन्सनने अंगावर घेतले. आपण भाषा स्थिर करू, अशी आशा त्यालाही प्रथम होती. १७५५ साली कोश प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावनेत त्याने मोकळ्या मनाने कबूल केले, की ती आशा व्यर्थ होती. कोशकार शब्दांना अमर करू शकत नाही. पण ही कबुली फार थोड्यांनी मनावर घेतली. १७६२ साली रॉबर्ट लाउथचे व्याकरण निघाले. त्याने तर शेक्सपिअर आणि मिल्टन ह्यांच्याही चुका काढल्या. ज्यांच्यापासून भाषा शिकायची, तेच परीक्षेत नापास!

आता शब्दांच्या गफलतींकडे पाहा. ‘पीज’ हा मुळात एकवचनी शब्द. शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा समजून लोकांनी तो काढला आणि ‘पी’ निर्माण झाला. ‘अ नेप्रन’ ह्याचे ऐकण्याच्या घोटाळ्याने ‘अ‍ॅन एप्रन’ झाले. आपल्या नारिंगाचा ‘न’ही पश्चिमेकडील प्रवासात असाच गळाला आणि इंग्रजांच्या हाती ‘ऑरेंज’ आले. कालच्या ह्या चुका आज शुद्ध शब्द आहेत. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे उदासीन, असा भेद आज शिकवतात. सतराव्या शतकात हे अर्थ नेमके उलटही आढळतात.

मग सारेच चालते काय? तसे नाही. न्यायाधीश निःपक्षपाती असावा, उदासीन नसावा. तेव्हा हा भेद उपयोगाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. अर्थाची हानी होते तेथे हटकणे हे भाषाप्रेमच. पण अर्थ स्वच्छ कळत असताना जो राग येतो, तो भाषेसाठी येतो की बोलणाऱ्याच्या पायरीसाठी? एकोणिसाव्या शतकात ‘ह’ गाळणाऱ्या लंडनच्या गरिबांची एवढी टिंगल होई, की ‘बिचारे एच् अक्षर’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका १८५४ साली निघाली. गंमत अशी, की ‘अवर’ आणि ‘ऑनर’ ह्यांतला ‘ह’ थोर लोकही गाळतात. त्यांना कोणी हसत नाही. १९५४ साली अ‍ॅलन रॉस ह्या भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की उच्चकुलीन इंग्रज आता शब्दांवरूनच ओळखू येतो. तो ‘नॅपकिन’ म्हणतो. ‘सर्व्हिएट’ म्हणणारा खालचा ठरतो. वस्तू एक, अर्थ एक. फरक फक्त पायरीचा.

पतंजलीने महाभाष्यात काही ऋषींची गोष्ट सांगितली आहे. ते बोलताना ‘यद्वा नः, तद्वा नः’ ह्याऐवजी ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत, म्हणून त्यांचे तेच नाव पडले. पण यज्ञकर्मात ते अपशब्द उच्चारीत नसत. ह्यामुळे त्यांच्या ऋषिपणाला उणेपणा आला नाही. कोठे काटेकोर असावे आणि कोठे मोकळे, हा विवेक आपल्या वैयाकरणांना दोन हजार वर्षांपूर्वी होता.

आपल्या वर्गात ‘आनी’, ‘पानी’ म्हणणारा मुलगा उभा राहतो आणि बाके हसू लागतात. तो काय म्हणाला हे सर्वांना कळलेले असते. त्याला ‘आणि’ लिहायला अवश्य शिकवावे; ती त्याची गरज आहे. पण हसून त्याचे तोंड बंद केले, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे जे होते ते आपण कायमचे गमावतो. ते नुकसान ‘ण’च्या जागी आलेल्या ‘न’पेक्षा फार मोठे आहे.