मॅरेथॉनचा रस्ता आणि त्यावरची माणसे

'मॅरेथॉन' हा शब्द आता मराठीच झाला आहे. मंत्रिमंडळाची बैठक रात्री उशिरापर्यंत रंगली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'मॅरेथॉन बैठक' असा मथळा येतो. लांबलेले भाषण मॅरेथॉन, लांबलेली मुलाखतही मॅरेथॉनच. पण मॅरेथॉन हे मुळात एका गावाचे नाव आहे, हे बोलताना आपल्या लक्षात राहत नाही. ग्रीसची राजधानी अथेन्स. तिच्या ईशान्येला, समुद्राकाठच्या सपाट मैदानात हे गाव आहे. बडीशेपेला प्राचीन ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. म्हणजे आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, तसे हे बडीशेपेचे गाव.

गावाची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये इराणच्या सम्राटाचे सैन्य या किनाऱ्यावर उतरले. संख्येने कमी असलेल्या अथेन्सकरांनी, प्लाटिया या छोट्या नगराच्या मदतीने, त्याचा पराभव केला. मग फिडिपिडीस नावाचा एक जण विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, 'आपण जिंकलो' एवढे बोलला आणि कोसळून मेला. गोष्ट सुंदर आहे. पण ती घडली का?

या युद्धाचा सर्वांत जुना सविस्तर वृत्तान्त हिरोडोटसचा. युद्धानंतर काही दशकांनी त्याने तो लिहिला. त्यात हा धावपटू आहे, पण तो मॅरेथॉनहून अथेन्सला धावत नाही. युद्धापूर्वी तो अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला जातो. अंतर सुमारे २४० किलोमीटर, तेही डोंगराळ मुलखातून, आणि दुसऱ्या दिवशी तो तेथे पोहोचतो. स्पार्टाचे लोक म्हणतात, पौर्णिमेपर्यंत आम्हाला निघता येत नाही. या माणसाचा तो पेशाच होता. ग्रीकांकडे अशा जासुदांसाठी 'दिवसभर धावणारा' या अर्थाचा खास शब्द होता. आपल्याकडचे हरकारे आठवावेत. अशा माणसाने ४० किलोमीटर धावून प्राण सोडावा, हे जरा अवघडच वाटते.

अथेन्सच्या दौडीची गोष्ट आपल्याला भेटते ती थेट पाच-सहाशे वर्षांनंतर, प्लुटार्क आणि ल्युसियन यांच्या लेखनात. प्लुटार्क तर धावणाऱ्याची वेगळीच दोन नावे देतो. पुढे १८७९ साली इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगने या विषयावर कविता लिहिली आणि दोन्ही दौडी एकाच माणसाच्या नावावर जमा करून टाकल्या. जग आज जी गोष्ट सांगते, ती बरीचशी या कवितेमुळे. फ्रेंच भाषापंडित मिशेल ब्रेआल याने १८९४ साली सुचवले की, नव्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत ठेवा, विजेत्याला चांदीचा चषक मी देतो.

गोष्टीचा पाया असा कच्चा आहे. पण ज्या रस्त्यावर ती रचली गेली, तो रस्ता मात्र अगदी खरा आहे, आणि मला वाटते, मॅरेथॉनचा खरा इतिहास या रस्त्याचा आहे.

मॅरेथॉन आणि अथेन्स यांच्यामध्ये पेंटेली हा डोंगर आहे. पार्थेनॉनचा संगमरवर याच डोंगरातला. अथेन्सला जायला दोन वाटा. एक डोंगराच्या उत्तर अंगाने, चढाची पण जवळची. दुसरी दक्षिणेच्या पायथ्याने, लांबची पण गाडीरस्त्याची. आजची शर्यत या दुसऱ्या वाटेने जाते. मैदानात, युद्धात पडलेल्या १९२ अथेन्सकरांच्या समाधीचा मातीचा मोठा उंचवटा आहे. त्याला वळसा घालून रस्ता किनाऱ्याने नेआ माक्रीकडे जातो, राफिनाजवळ आत वळतो आणि पिकेर्मी, पालिनी अशी गावे घेत पायथ्याचा चढ चढू लागतो. एकतिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो सर्वांत उंच जागी पोहोचतो, समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर. तेथून शहराकडे उतार. थकलेल्या पायांना चढ नेमका मध्यावर भेटतो, ही या रस्त्याची खोड.

१० एप्रिल १८९६ रोजी या रस्त्यावर सतरा जण धावले. अंतर सुमारे ४० किलोमीटर. त्यातले चार परदेशी होते आणि तिघांनी इतर शर्यतींत नाव काढलेले होते. फ्रान्सचा लेरम्युझिओ सुरुवातीला इतका पुढे होता की, वाटेतल्या कार्वाती गावाने, म्हणजे आजच्या पालिनीने, त्याला विजेता समजून हार घातला असे सांगतात. पण चढाने त्याचा दम काढला. मग ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक पुढे गेला, तोही शहराजवळ कोसळला. मागून आला स्पिरिडॉन लुइस, मारूसी गावचा. मारूसी पेंटेलीच्या पायथ्याशी आहे. अथेन्सला तेव्हा पुरेसे पाणी नव्हते आणि लुइस मारूसीहून शहरात पाणी नेऊन विकत असे. पिकेर्मीला त्याने थांबून पेलाभर वाइन घेतली आणि 'सगळ्यांना गाठतो' असे म्हणाला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत तो संगमरवरी स्टेडियममध्ये शिरला. राजाचे दोन मुलगे त्याच्याबरोबर शेवटचा टप्पा धावले. परदेशी धावपटूंसाठी हा रस्ता स्पर्धेचा होता, लुइसच्या पायांना पायथ्याचे चढउतार रोजच्या पोटापाण्यामुळे ठाऊक होते.

दुसऱ्याच दिवशी याच रस्त्यावरून आणखी एक जण धावले. त्याची नोंद पुष्कळ वर्षे कोणाला सांगावीशी वाटली नाही. स्टमाटा रेविथी ही एक गरीब बाई. बाई म्हणून तिला शर्यतीत घेतले नव्हते. ती एकटी निघाली. निघताना मॅरेथॉन गावचा शिक्षक आणि गावचे कारभारी यांच्याकडून तिने निघण्याच्या वेळेचा दाखला सही करून घेतला. साडेपाच तासांच्या आसपास ती अथेन्सला पोहोचली. स्टेडियममध्ये तिला जाऊ दिले नाही. गावाने सही दिली, शहराने दार बंद ठेवले. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ साली. २००४ मध्ये मात्र अथेन्सलाच ऑलिंपिक झाले, तेव्हा स्त्रिया याच मॅरेथॉन गावातून निघाल्या आणि त्याच संगमरवरी स्टेडियममध्ये पोहोचल्या.

लुइसचे पुढे काय झाले? तो पुन्हा कधी शर्यत धावला नाही. गावी शेती केली, पुढे पोलिसांत नोकरी केली. लष्करी कागदपत्रांत खोटेपणा केल्याच्या आरोपावरून वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि शेवटी निर्दोष सुटला. १९४० मध्ये तो वारला. गंमत अशी की, ज्या पाणीटंचाईवर त्याचे पोट चालले, ती हटवायला १९२९ साली धरण पूर्ण झाले ते मॅरेथॉनजवळच, आणि त्याची भिंत पेंटेलीच्या संगमरवराने मढवली आहे. ब्रेआलने दिलेला त्याचा चषक २०१२ साली लंडनमध्ये लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९१९च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा भरल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी पाहिले की, धावणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची आहेत, अनवाणी आहेत, शास्त्रशुद्ध शिक्षण कसलेच नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत. त्यातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवायचे ठरले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या वर्षीचा मार्ग लुइसच्या मार्गापेक्षा जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब होता, हे लक्षात घ्या. चौगुल्यांचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

मॅरेथॉनच्या रस्त्याने पुढेही माणसे पाहिली. एप्रिल १९६३ मध्ये तेथून अथेन्सपर्यंत शांतता मोर्चा निघणार होता. पोलिसांनी तो बंद पाडला. खासदार असल्याने ग्रिगोरिस लांब्राकिस यांना संरक्षण होते. फलक हाती धरून ते एकटे चालत राहिले. ते स्वतः जुने मैदानी खेळाडू. महिनाभराने सालोनिका शहरात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. अथेन्सची मॅरेथॉन दरवर्षी त्यांच्या स्मृतीला अर्पण केली जाते.

आणि जुलै २०१८. पेंटेलीच्या उतारावर पेटलेला वणवा वाऱ्याबरोबर खाली आला, हाच रस्ता ओलांडून किनाऱ्यावरच्या माटी या वस्तीत घुसला. १०४ माणसे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा वणवा लागला आणि पेंटेलीचे उतार जाळत अथेन्सच्या उपनगरांपर्यंत पोहोचला.

स्टेडियमच्या दारात कोण पहिला आला, हे नोंदवहीत राहते. रस्ता ज्यांच्या अंगणातून जातो, ते कार्वातीचे हार घालणारे लोक, दाखल्यावर सही करणारा मॅरेथॉनचा शिक्षक आणि माटीतली घरे यांची आठवण काढायला मुद्दाम थांबावे लागते. फिडिपिडीस कदाचित त्या वाटेने धावलाही नसेल. पाणी नेणारा लुइस आणि सहीचा कागद घेऊन निघालेली रेविथी, ही दोघे मात्र नक्की धावली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)