मुंबईच्या गर्भिणींचा पांडुरोग आणि मृत्युतक्त्यांचे रकाने

सरकारी मृत्युनोंद हें अर्वाचीन इतिहासाचें विश्वसनीय साधन होय, अशी समजूत आहे व ती बऱ्याच अंशीं खरीहि आहे. तथापि जेवढें विचारलें तेवढेंच हें साधन सांगतें. इंग्रजी अमदानींतील प्रांतिक तक्ते उघडावे, तर पटकी, देवी, ग्रंथिक सन्निपात, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात व 'इतर' असे ठरीव रकाने आढळतात. रक्ताच्या विकारास त्यांत स्वतंत्र जागा नाहीं. पांडुरोगानें दगावलेली बाळंतीण बहुधा 'ताप' किंवा 'इतर' यांतच जमा झाली असली पाहिजे.

पांडुरोग आपल्याकडे नवा नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत त्यास एक स्वतंत्र अध्याय दिला असून लोहाचे कल्प त्यावर सांगितले आहेत. परंतु मुंबईच्या प्रसूतिगृहांत १९२० नंतरच्या दशकांत जो प्रकार डॉक्टरांस चिंतेंत पाडीत होता, तो लोहास दाद देणारा नव्हता. त्यांत तांबड्या पेशी संख्येनें घटत, पण आकारानें मोठ्या होत. आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धांत आलेला हा विकार कित्येकदां माता व मूल या दोघांसहि घेऊन जाई.

डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या आमंत्रणावरून १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेंत दाखल झाली. तिनें प्रथम जंतूंचा संशय तपासला व मग रोगिणींच्या ताटाकडे दृष्टि वळविली. दरिद्री व पडदानशीन मुसलमान स्त्रियांत विकार अधिक, आणि त्यांच्या आहारांत फळें व भाजीपाला नाममात्र, असें तिला आढळलें. तशाच निकृष्ट अन्नावर तिनें उंदीर व माकडें पोसलीं. उंदरांच्या प्रयोगांत निराळ्याच एका जंतुसंसर्गानें घोटाळा केला. माकडांच्या प्रयोगानें मात्र वाट दाखविली. 'मार्माइट' या नांवानें बाजारांत मिळणारा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यानें रोगिणी झपाट्यानें सुधारतात, हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें व त्यास नांव मिळालें.

ही कथा शोधाची म्हणून नेहमी सांगितली जाते. आमच्या मतें इतिहासकारानें तिचा दुसरा अर्थहि ध्यानांत घ्यावा. विल्सबाईंस दिसल्या त्या दवाखान्यापर्यंत पोंचलेल्या स्त्रिया. ज्या घरींच सुइणीच्या हातीं बाळंत होत, त्यांची मोजदाद या अभ्यासांत नाहीं व तक्त्यांतहि नाहीं. शिवाय स्त्री-पुरुषांचे मृत्यु नुसते शेजारीं मांडून तुलना करणें हें मुंबईपुरतें तरी सर्वस्वी फसवें आहे. गिरण्यांच्या या शहरांत १९३१ सालीं दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सहाशेंहूनहि कमी होत्या. तेव्हां मृत स्त्रियांची संख्या कमी भरली, तर तीवरून त्यांचें आयुष्य सुरक्षित होतें असें म्हणतां येणार नाहीं. प्रत्येक वयोगटांतील हजारी प्रमाण काढल्याशिवाय, आणि त्यांतहि प्रसूतीचें वय वेगळें केल्याशिवाय, या प्रश्नास हात घालूं नये.

स्वतंत्र भारतांत १९७० पासून गर्भिणींस लोह व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची योजना सुरू झाली. तरीहि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ व पुरुषांपैकीं शेंकडा २५ रक्तक्षयी निघाले. हा हिशेब जिवंतांचा आहे, व त्यांत लोहाच्या अभावाचा वांटा मोठा आहे. गेलेल्यांचा हिशेब लावावयाचा तर प्रांतिक तक्ते बाजूस ठेवून जुन्या प्रसूतिगृहांचीं रोगीबुकें, जेथें तीं वाळवीपासून वांचलीं असतील तेथें, पान पान चाळावीं लागतील.